सी वाइफ : ४४ फुटांच्या बोटीवरचा संसार

खून कोणी केला हे शोधायला बसणाऱ्यांनी आधीच ऐकून घ्या, या पुस्तकात प्रेत सापडलं, इन्स्पेक्टर आला, सगळ्यांना हॉलमध्ये गोळा केलं असला प्रकार नाहीये, आणि तरीही मी याला सस्पेन्स कादंबरीच म्हणणार, कारण रात्री दीडला दिवा बंद करून पुन्हा पाच मिनिटांनी लावायला लावणाऱ्या पुस्तकाला दुसरं काय म्हणतात मला माहीत नाही. अॅमिटी गेज नावाच्या अमेरिकन बाईंची 'सी वाइफ', २०२० साली आली, म्हणजे लॉकडाऊनच्या ऐन सुरुवातीला, जेव्हा सगळं जग घरात कोंडून बसलेलं होतं आणि ही बाई लिहितेय की चार माणसं मोकळ्या समुद्रात जाऊन कशी कोंडली जातात. आपल्याकडे तिचं फारसं नाव झालं नाही. मला वाटतं व्हायला हवं होतं, म्हणून हा एवढा खटाटोप.

गोष्ट थोडक्यात सांगते, स्पॉयलर नाही देणार. ज्युलिएट आणि मायकेल, कनेटिकटमधलं नवराबायकोचं जोडपं, सात वर्षांची सिबिल आणि दोन वर्षांचा जॉर्ज. ज्युलिएटची पीएचडी कित्येक वर्षं अडकून पडलीय, कवितेवरचा प्रबंध आहे तो पुढेच सरकत नाही, त्यात मुलं झाल्यावर आलेलं डिप्रेशन, त्यामुळे ती घरात असून नसल्यासारखी. मायकेलची बरी नोकरी आहे, पण त्याला आतून वाटतंय की आपण असेच हप्ते भरत मरणार. मग एक दिवस हा माणूस बायकोला सांगतो की नोकरी सोडू, बोट घेऊ, वर्षभर समुद्रावर राहू. बोट पनामात उभी आहे, ४४ फुटांची, शिडाची. त्याला थोडंफार सेलिंग येतं, तिला अजिबात नाही. आणि ती हो म्हणते! इथे माझ्यातली मुलुंडची बाई ओरडली की अगं बये हो काय म्हणतेस, पण पुढच्या वीसेक पानांत लेखिका तुम्हाला असं पटवते की ज्युलिएटच्या जागी आपण असतो तर आपणही बॅगा भरल्या असत्या, कारण घरात राहणं हेही काही सुरक्षित उरलेलं नव्हतं. बोटीचं नाव काय तर ज्युलिएट. नवऱ्याला वाटतं केवढं हे प्रेम, बायकोच्या मनात काय येतं ते वाचा तुम्हीच.

आता सस्पेन्स कुठे आहे ते सांगते, कारण या पुस्तकाची जाहिरात मला करायची असेल तर याच एका गोष्टीवर करीन. पुस्तकात दोन आवाज आहेत. एक ज्युलिएटचा, प्रवास संपल्यानंतरचा, ती घरी परत आलीय आणि कपड्यांच्या कपाटात जाऊन बसते, खरोखर आत, दार लावून, आणि तिथून मागचं आठवत राहते. दुसरा आवाज मायकेलचा, तो त्याने बोटीवर असताना लिहिलेल्या लॉगबुकमधला. दोन्ही आलटून पालटून येतात, कधी अर्धं पान हिचं तर चार ओळी त्याच्या. ती आज बोलतेय, तो तेव्हा बोलतोय. म्हणजे तिला सगळं काय झालं ते माहीत आहे, त्याला काहीच माहीत नाही, आणि आपण मधे लटकलेलो. ती कपाटात का बसलीय आणि तो स्वतः का बोलत नाही, त्याची वहीच का बोलतेय, हा प्रश्न पहिल्या काही पानांतच डोक्यात शिरतो आणि मग जात नाही. लेखिका तुमच्यापासून मोठं काही लपवते असंही नाही, उलट बरंचसं ती आधीच सांगून टाकते, आणि तरी धडधड वाढत जाते. काय होणार हे कळूनही कसं होणार यासाठी माणूस वाचत राहतो हे मी फार थोड्या थ्रिलरमध्ये बघितलंय.

लॉगबुकबद्दल जरा लांबण लावते, माफ करा, माझे वडील गोदीत नोकरीला होते त्यामुळे हा विषय आमच्या घरात जेवताना असायचा. बोटीच्या लॉगमध्ये काय लिहायचं असतं तर तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, कुठल्या दिशेला चाललोय, वारा किती आणि कुठून, बॅरोमीटर काय म्हणतोय, समुद्र कसा आहे, आणि शेवटी शेरा. पहिले सगळे रकाने आकड्यांचे, फक्त शेऱ्यात माणूस चार शब्द लिहू शकतो, तेही 'इंजिन तपासलं', 'पाऊस आला' असले. मायकेलच्या लॉगची सुरुवात तशीच होते, सभ्य, आकड्यांत. आणि मग हळूहळू तो शेराच फुगायला लागतो. आधी एक वाक्य, मग परिच्छेद, मग बायकोबद्दल, बापाबद्दल, देशाबद्दल, पैशाबद्दल, आणि आपल्याला कळतं की या माणसाला आयुष्यात कोणी रिकामा रकानाच दिला नव्हता. तोंडाने बायकोला जे बोलता येत नाही ते हा वाऱ्याच्या वेगाखाली लिहितोय. आणि ती बाई ते नंतर वाचतेय. मी या जागी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले, लोकलमध्ये, आणि विक्रोळी कधी गेलं कळलं नाही.

दोघांपैकी खरं कोण बोलतंय? हाच खरा सस्पेन्स. खोटं दोघंही बोलत नाहीत हे जास्त भयानक आहे. तेच लग्न, तीच बोट, तीच मुलं, पण त्याच्या वहीत तो बायकोला वाचवायला निघालाय आणि तिच्या आठवणीत ती नवऱ्याच्या हट्टामागे फरफटत निघालीय, आणि पंधरा पानांनी हे बरोबर उलटं होतं. तुम्ही एका बाजूला झुकलात की लेखिका तिथून सतरंजी ओढते. माझी वहिनी आणि मी एकाच आठवड्यात वाचलं, ती पूर्ण मायकेलच्या बाजूने, मी ज्युलिएटच्या, आणि फोनवर आमचं जे वाजलं त्यावरून दादाने विचारलं की नक्की कोणाच्या घटस्फोटाची केस चालू आहे.

४४ फूट म्हणजे साधारण साडेतेरा मीटर. ऐकायला बरं वाटतं, पण त्यातला निमुळता भाग, इंजिन, टाक्या, सामान वजा केलं की राहायला उरते ती आपली चाळीतली डबल रूम, फक्त बाहेर गॅलरी नाही, शेजारच्या काकू नाहीत आणि भांडून नाक्यावर चहा प्यायला जायची सोय नाही. मुंबईकर हे पुस्तक कनेटिकटवाल्यांपेक्षा चांगलं समजू शकेल असं मी म्हणते ते यासाठीच. मुलं झोपलीत म्हणून दबक्या आवाजात भांडायचं, भांडण अर्ध्यात सोडून दूध तापवायला उठायचं, रागावलेलं असताना एकाच चिंचोळ्या जागेतून अंग चोरून एकमेकांच्या पुढून जायचं, हे सगळं त्या बोटीवर आहे आणि लेखिकेने ते इतकं नेमकं पकडलंय की मला आमचं लालबागचं जुनं घर दिसत होतं. त्या जागेत आईवडिलांचा अबोला आठवडाभर कसा टिकायचा हे मला आजही कोडं आहे. फरक एवढाच की लालबागला जमीन हलत नव्हती.

समुद्राच्या बाबतीत पुस्तक कच्चं नाही. पनामाहून सुरुवात का, तर कॅरिबियनमध्ये जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा मोसम असतो आणि पनामाचा किनारा त्या पट्ट्याच्या खाली येतो, म्हणून बोटवाले तिथे बोटी ठेवतात, हे खरंच आहे. पुढे ते सान ब्लास बेटांत जातात, तिथे गुना या मूळ रहिवाशांचा पनामातच स्वतःचा स्वायत्त कारभार आहे, १९२५ मध्ये त्यांनी पनामा सरकारविरुद्ध उठाव करून त्याची वाट मोकळी केली, नारळाचा व्यापार, बायकांचे कापडावर कापड शिवून केलेले रंगीत मोला, आणि पाहुण्याने त्यांच्या नियमाने राहायचं. या बेटांवरची पानं पुस्तकातली सगळ्यात सुखाची आहेत. ज्युलिएट हळूहळू उजेडात येते, सिबिल तर समुद्राचीच होऊन जाते, आणि आपल्याला एक क्षण वाटतं की चला, जमलं यांचं. लेखिकेला हे आपल्याला वाटायलाच हवं असतं, डाव आहे तिचा. त्या सुखात किती तरी छोट्या गोष्टी ती नुसत्या ठेवून देते, एखादं न केलेलं काम, एखादं न सांगितलेलं देणं, आणि तेव्हा त्यांच्याकडे लक्षच जात नाही. पनामा सोडून पूर्वेकडे निघालं की मग कोलंबियाचा किनारा लागतो, आणि तिथला समुद्र हिवाळ्यात व्यापारी वाऱ्यांमुळे चांगलाच खवळलेला असतो, अनुभवी बोटवालेसुद्धा तो टप्पा हवामान बघून, थांबून थांबून करतात. पुढचं मी सांगणार नाही.

एक गोष्ट मात्र सेलिंग न कळणाऱ्याला पटकन लक्षात येणार नाही म्हणून सांगते. शिडाची बोट खोल पाण्यात रात्री नांगर टाकून झोपत नाही. चालतच राहते, आणि कोणीतरी जागं असावं लागतं, दुसरी जहाजं बघायला, वारा बदलला तर शीड कमी करायला. बोटीवर मोठी माणसं दोन. त्यातलं एक नवशिकं. आणि दोन वर्षांचं पोर, ज्याला रात्री दोनला पाणी हवं असतं. म्हणजे झोपेचं गणितच जमत नाही, आणि या कादंबरीतले अर्धे वाईट निर्णय तिथून येतात, कोणी दुष्ट असल्यामुळे नाही. शिवाय बोटीवरचा साधा व्हीएचएफ रेडिओ जेमतेम क्षितिजापर्यंत पोचतो, वीसेक मैलांपलीकडे कोणी ऐकणारं असेल याची खात्री नाही. मोबाईलला रेंज नसेल तर अस्वस्थ होणाऱ्या आपल्यासारख्यांना ही पानं वाचताना घाम फुटतो.

सासूबाईंना मी गोष्ट तोंडी सांगितली तर त्या म्हणाल्या, 'दोन लेकरं घेऊन समुद्रात? त्या माणसाच्या आईने कान नाही उपटला का त्याचा?' त्या रेवसकडच्या. त्यांच्या गावात अजून रामदास बोटीचं नाव काढलं की म्हातारी माणसं गप्प होतात. १७ जुलै १९४७, गटारीचा दिवस, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेच्या वर माणसं गेली, स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. त्यामुळे किनाऱ्यावरच्या मराठी घरात समुद्र म्हणजे पोटापाण्याचा धंदा किंवा भीती, मौज म्हणून बायकामुलांना घेऊन त्यात जाणं हे आपल्या डोक्यात बसतच नाही. मायकेलचा हट्ट आपल्याला त्यामुळे अमेरिकन वाचकापेक्षा दुप्पट वेडेपणाचा वाटतो, आणि मग त्याच्यासाठी वाईट वाटायला लागलं की तेही दुप्पट वाटतं.

मौज नाही पण पराक्रम आपल्याकडेही आहेच की. नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये म्हादेई ही शिडाची बोट घेऊन मुंबईहून निघाले आणि एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईला परतले, असं करणारे पहिले भारतीय. मग अभिलाष टॉमी त्याच बोटीने नोव्हेंबर २०१२ ला गेटवेहून निघाले आणि मार्च २०१३ च्या शेवटी, मधे कुठेही न थांबता, परत. म्हादेई ५६ फुटांची. ५६ फुटांत एकटा माणूस, तोही नौदलाचा, वर्षानुवर्षं तयारी केलेला. आणि इथे ४४ फुटांत चार जीव, दोन अगदी लहान, आणि कप्तान असा की ज्याला अर्ध्या गोष्टी पुस्तकात बघून कराव्या लागतात. पण गंमत बघा, एकट्या माणसाला वादळाशी बोलावं लागतं, बायकोशी नाही. माझ्या मते गेजबाईंचा मुद्दा तिथेच कुठेतरी आहे.

आणि हे सगळं कादंबरीपुरतं आहे असंही समजू नका. १९७२ मध्ये रॉबर्टसन नावाच्या स्कॉटिश कुटुंबाची ल्युसेट ही बोट गॅलापागोसच्या पश्चिमेला किलर व्हेलच्या धडकेने काही मिनिटांत बुडाली, सोबत लहान जुळी मुलं होती, तराफ्यावर आणि मग चिमुकल्या डिंगीत, म्हणजे छोट्याशा होडीत, ३८ दिवस काढून, कासवं मारून खाऊन, सगळेच्या सगळे वाचले, जपानी मासेमारी बोटीने उचललं. त्यांना लोकांनी हिरो केलं. आणि २०१४ मध्ये एका अमेरिकन जोडप्याने पॅसिफिकमध्ये मेक्सिकोपासून शेकडो मैलांवर आजारी बाळासाठी मदत मागितली, विमानातून माणसं उतरली, नौदलाचं जहाज आलं, बाळ वाचलं, पण आईबापांना लोकांनी इंटरनेटवर अक्षरशः सोलून काढलं की पोरांना घेऊन गेलातच कशाला. तेच धाडस, तोच समुद्र. 'सी वाइफ' वाचताना तुम्ही त्या सोलणाऱ्यांत बसता की हिरो म्हणणाऱ्यांत, हे पान उलटताना बदलत राहतं, माझं तर एकाच प्रकरणात तीनदा बदललं.

तक्रारी आहेत, सगळं गोड लिहायला मी प्रकाशकाची भाची नाही. ज्युलिएटच्या कविता आणि कवितेवरचा विचार काही ठिकाणी फार ताणलाय, बोट हेलकावे खात असताना मधेच प्रबंध कशाला असं वाटतं, मी दोनेक जागी सरळ पानं उलटली. नवराबायकोचं राजकारणावरूनही वाजतं, तो उजवीकडचा, ती डावीकडची, २०१६ च्या निवडणुकीनंतरची अमेरिका, ती भांडणं वाचताना आधी परकी वाटतात, मग फॅमिली व्हॉट्सअॅप ग्रुप आठवतो आणि परकी वाटेनाशी होतात. शेवटचा भाग मात्र मला खरंच थोडा विस्कळीत वाटला. मुख्य घटना होऊन गेल्यावर पुस्तक संपायला बराच वेळ घेतं, नवीन कागद, नवीन आवाज येतात, काहींना तेच आवडेल, वहिनीला तर तोच भाग सगळ्यात आवडला, मला वाटलं पन्नास पानं आधी थांबली असती तर जास्त लागलं असतं. आणि ज्यांना प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी धक्का लागतो त्यांनी हे घेऊच नका, सुरुवात संथ आहे, पहिली पन्नास-साठ पानं नुसतं पाणी चढतंय.

एक इशारा पण देते, गंमत म्हणून नाही. ज्युलिएटच्या लहानपणी घडलेल्या लैंगिक अत्याचाराचा धागा आतून चालतो आणि डिप्रेशनचं वर्णन फार जवळून केलंय. ज्यांना त्या गोष्टी जड जातात त्यांनी सांभाळून, किंवा कोणाला सोबत घेऊन वाचा. नवीन आईला बाळंतपणात भेट म्हणून तर चुकूनही देऊ नका, आमच्या ग्रुपमधल्या एकीने दिलं होतं, कव्हरवर छान निळं पाणी आहे म्हणून!

इंग्रजी कसं आहे, तर सोपं आहे, बोलल्यासारखं, बोटीचे काही शब्द सोडले तर डिक्शनरी लागत नाही, आणि ते शब्दही ज्युलिएटला स्वतःलाच कळत नसतात त्यामुळे तिच्याबरोबर आपण शिकतो. मराठीत भाषांतर झालेलं माझ्या पाहण्यात नाही, कोणी प्रकाशक वाचत असेल तर मनावर घ्याच, कोळीवाड्यातल्या कोणाकडून नाळ, डोलकाठी, परबाण, सुकाणू हे शब्द नीट विचारून घेऊन करा म्हणजे झालं. घ्यायचं झालं तर कागदावरच घ्या, ई-बुक मी आधी फोनवर चालू केलं होतं आणि ते दोन आवाज छोट्या स्क्रीनवर एकमेकांत मिसळायला लागले, छापील पानावर लॉग वेगळ्या टायपात दिसतो आणि नजर आपोआप कळवते की आता कोण बोलतंय. मुंबईत दुकानात आयतं दिसेलच असं नाही, फोर्टातल्या दुकानातून मी मागवून घेतलं, फाउंटनच्या फुटपाथवर नशीब असेल तर जुनी कॉपी निम्म्यात मिळते, तेवढी शेवटची पानं जागेवर आहेत ना बघून घ्या. मांडव्याला जाताना बोटीत वाचू म्हणून नेऊ नका, मी नेलं होतं, एका बाईने लेकराला कठड्यावर उभं केलं तर मी ओळखपाळख नसताना तिच्यावर खेकसले.

नवराबायको दोघांनी वाचणार असाल तर एकाच कॉपीत पेन्सिलने खुणा करू नका. दोन घ्या.